सुटकेनंतरचे पंधरा दिवस

निरीक्षणगृहातून, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात त्या संस्थेतून, मुलगा घरी जातो त्या दिवशी त्याच्या आईचा जीव भांड्यात पडतो, मुलावर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याची एक फाइल हातावेगळी होते आणि मुलाचे जुने सोबती गल्लीच्या तोंडाशी त्याची वाट पाहत असतात. ज्या मुलाला ब्राऊन शुगरची किंवा नशेच्या गोळ्या-औषधांची सवय होती, त्याच्यासाठी मात्र हाच दिवस आणि त्यानंतरचे पंधरा दिवस सर्वांत धोक्याचे असतात. ही गोष्ट ज्यांना सर्वांत आधी माहीत असायला हवी, त्या निरीक्षणगृहातल्या काळजीवाहकांना, समुपदेशकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना ती बहुतेक वेळा कोणी सांगितलेलीच नसते. मी जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका होते आणि निवृत्तीनंतर अशा संस्थांतील कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार शिकवायला जाते. तिथे जे पाहिले आणि ऐकले, त्याच्या आधारावर हे लिहीत आहे.

आधी शरीराचा नियम समजून घेतला पाहिजे. ब्राऊन शुगर, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या हे सारे अफूच्या कुळातले किंवा अफूसारखेच काम करणारे पदार्थ आहेत. रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्यांची सवय होत जाते, कालची मात्रा आज पुरत नाही आणि नवख्या माणसाचा श्वास बंद पाडील एवढे घेऊनही असा मुलगा चालत-बोलत राहतो. नशा बंद झाली की पहिले काही दिवस तो टर्कीत, म्हणजे नशा तुटल्याच्या त्रासात, तळमळतो, अंग मोडून येते, जुलाब होतात, झोप लागत नाही. ते सरले की सगळ्यांना हायसे वाटते. परंतु त्याच काळात शरीराची सहनशक्तीही उतरलेली असते. जामिनाचा आदेश होऊन तो बाहेर पडतो तेव्हा डोक्यात मात्रा जुनीच असते आणि शरीर नवख्याचे झालेले असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या कैद्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने मृत्यू येण्याचा धोका त्यात सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत १२९ पट आढळला. ते कैदी प्रौढ होते आणि तिथला नशेचा बाजारही वेगळा होता, त्यामुळे तो आकडा उचलून येरवड्याच्या किंवा डोंगरीच्या निरीक्षणगृहाला लावणे योग्य होणार नाही. सहनशक्ती उतरण्याचा नियम मात्र सगळीकडे सारखाच आहे.

आता ही माणसे कोण आणि त्यांच्यावर कोणकोणती कामे आहेत, हे सांगितले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतून त्यांची ओळख फारशी होत नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवता कामा नये असे बजावले आणि त्याच वर्षी देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा झाला. सध्याचा कायदा २०१५ सालचा असून तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते, मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. मुलाच्या घराची, शाळेची, संगतीची चौकशी करून परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो आणि मंडळाचा निर्णय पुष्कळ अंशी त्या अहवालावर उभा राहतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीचा अपघात झाला आणि आरोपी मुलाला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधामुळे बाल न्याय मंडळ हे नाव घरोघरी पोहोचले. त्या गदारोळात सगळा संताप मंडळावर निघाला, पण रोजच्या रोज अशा मुलांना जेवू घालणारे, त्यांची भांडणे सोडवणारे, त्यांच्या वस्तीत पायी फिरून अहवाल लिहिणारे लोक कोणाच्याच चर्चेत आले नाहीत. त्यांतले पुष्कळ जण कंत्राटी आहेत, मानधनावर आहेत आणि ते मानधनही वेळेवर होईलच असे नसते. रात्रपाळीला सगळी मुले एकदोघा काळजीवाहकांच्या भरवशावर असतात.

कायद्याने या लोकांकडून व्यसनाच्या बाबतीतही अपेक्षा केल्या आहेत. बालक दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेले आढळले तर त्याला उपचारासाठी हलवण्याची तरतूद कलम ९३ मध्ये आहे, मंडळ आपल्या आदेशात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण करण्याची अट घालू शकते आणि संस्थेतील सर्व कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण असावे असे केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत म्हटले आहे. प्रत्यक्षात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण म्हणजे भाजणे, कापणे, साप चावणे आणि पाण्यात बुडणे. ओव्हरडोस त्यात कुठेही नसतो.

वर्गात मी पहिला प्रश्न नेहमी असा विचारते, की मुलगा नशेत बेशुद्ध पडला तर तुम्ही काय कराल. उत्तरे ठरलेली असतात. तोंडावर गार पाणी मारू, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू, लिंबू पिळून देऊ, फिट आल्यासारखे वाटले तर कांदा फोडून नाकाशी धरू. एका निरीक्षणगृहात अनुभवी, मुलांवर मनापासून जीव असलेले एक काळजीवाहक शांतपणे म्हणाले, "सिस्टर, कांद्याने नाही आला शुद्धीवर, तर चप्पल हुंगवायची." कोणी हसले नाही, कारण ते गंमत करत नव्हते. त्यांच्या गावी असेच करतात आणि त्यांना दुसरे काही कोणी शिकवलेले नव्हते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातले की ते फुफ्फुसात जाते, आणि ओव्हरडोसमध्ये जीव वाचवता येईल एवढ्या वेळाचा अर्धा भाग या कांदा-लिंबाच्या खटपटीत निघून जातो, एवढे एक पटवायलाच माझा बराचसा तास खर्च होतो. तो खर्च मला मान्य आहे.

दुसरी ठरलेली चूक अधिक घातक असते आणि ती दयाबुद्धीने होते. दाखल झालेला मुलगा पहिल्या रात्री मोठमोठ्याने घोरत असतो, दिवसभर पोलीस ठाणे, रुग्णालय, मंडळ असा फिरून दमलेला असतो आणि काळजीवाहक म्हणतो, झोपू द्या बिचाऱ्याला. अफूजन्य पदार्थांच्या ओव्हरडोसमध्ये जीभ मागे पडून घशातून जो घरघर आवाज येतो, तो घोरण्यासारखाच असतो. म्हणून नशेच्या संशयाने आलेल्या मुलाला रात्री हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळून जागे करून पाहावे लागते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आहेत का, श्वास मोजका आणि थांबत-थांबत चालला आहे का, ओठांच्या आतली बाजू आणि नखे निळसर-राखाडी पडली आहेत का, हे बॅटरीच्या उजेडात बघायचे. सावळ्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून निळेपण कळत नाही, त्यासाठी ओठ उलटून पाहावा लागतो. ही चिन्हे असली तर १०८ ला फोन, श्वास चालू असेल तर मुलाला कुशीवर वळवणे आणि श्वास थांबत असेल तर तोंडाने श्वास देणे, एवढे काम रुग्णवाहिका येईपर्यंत करायचे असते. हे कोणाही धडधाकट माणसाला एका दुपारी शिकता येते.

आपल्याकडच्या मुलांची नशा मात्र केवळ अफूच्या कुळातली नसते, त्यामुळे परदेशी पत्रके जशीच्या तशी वाटून भागत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. हुंगायच्या पदार्थांचा प्रकार त्यात असा एकमेव निघाला, की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक होते : मुलांत १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के. या नशेसाठी मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या त्यात ४.६ लाख धरली आहे. बाटलीतल्या व्हाइटनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्राने २०१२ साली बंदी आणली, तरी पंक्चरचे सोल्युशन आणि रंगकामाचे थिनर मिळतच राहिले. रुमालावर ओतायचे, मुठीत धरायचे आणि ओढायचे. अशा मुलाच्या बोटांवर पांढरे डाग, तोंडाभोवती पुरळ आणि कपड्यांना थिनरचा वास असतो.

या पदार्थांवर उतारा नाही, आणि त्यांच्यामुळे येणारा मृत्यू ओव्हरडोसच्या नेहमीच्या कल्पनेत बसत नाही. सोल्युशनच्या वाफेने हृदय इतके हळवे होते, की भीतीने किंवा धावपळीने रक्तात उसळलेल्या ॲड्रेनलिनला ते अचानक बेताल प्रतिसाद देते आणि धडधाकट मुलगा पहिल्याच वेळीसुद्धा जागीच कोसळू शकतो. आता संस्थेत रुमाल हुंगताना मुलगा सापडला की काय होते, ते आठवून पाहा. आरडाओरडा होतो, मुलगा पळतो, चौघे पाठीमागे धावतात, भिंतीशी कोंडी करून पकडतात आणि एकदोन ठेवून देतात. शिस्तीच्या दृष्टीने हे चूक की बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी हृदयाच्या दृष्टीने याहून वाईट वागणूक सुचवता येणार नाही. रुमाल शांतपणे काढून घ्यावा, खिडक्या उघडाव्यात, मुलाला बसवून ठेवावे, जवळ थांबावे आणि जे काही बोलायचे ते दुसऱ्या दिवशी बोलावे. संस्थेतल्या जुन्या माणसांना हे ऐकताना जड जाते, कारण त्यांना ते लाड वाटतात.

झोपेच्या गोळ्यांचा प्रकार निराळा आहे. मालेगावात ज्यांना कुत्ता गोळी म्हणतात त्या अल्प्राझोलामच्या गोळ्या आणि इतरत्र बटन म्हणून विकल्या जाणाऱ्या तशाच गोळ्या एकट्याने सहसा जीव घेत नाहीत, पण दारू किंवा कोडीनचे औषध जोडीला आले की दोहोंचा भार श्वासावर पडतो. एमडी (मेफेड्रोन) या उत्तेजक पदार्थाच्या नशेत उलट अंग तापते, छाती धडधडते, मुलगा बिथरतो. त्याला गार जागी नेऊन, कमीत कमी माणसांत ठेवून रुग्णालयात न्यावे लागते. मुलांना आपण काय घेतले हे बहुधा नक्की ठाऊक असते आणि विचारणारा पोलिसांसारखा विचारत नसेल तर ते सांगतातही.

अफूच्या कुळातील ओव्हरडोसवर मात्र हमखास उतारा आहे. नॅलॉक्सोन नावाचे हे औषध काही मिनिटांत श्वास परत आणते, आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि आमच्या अपघात विभागात ते नेहमी असे. त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि नशेचा पदार्थ शरीरात त्याहून जास्त वेळ राहू शकतो, म्हणून उठून बसलेल्या मुलालाही रुग्णालयात न्यावेच लागते. तो मुलगा बहुतेकदा चिडलेला असतो, ओकतो आणि आपल्याला वाचवल्याबद्दल शिव्याही देतो, याची तयारी ठेवावी. ओव्हरडोस समोर घडताना पाहण्याची शक्यता ज्यांना आहे अशा सर्वांच्या हाती हे औषध आणि त्याचे शिक्षण असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली. अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी आहे. आपल्याकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीचे औषध आहे, आणि मी शिकवायला गेले त्या एकाही संस्थेच्या औषधपेटीत मला ते दिसले नाही. विचारल्यावर, ते ठेवले तर इथे असली मुले आहेत असा बोभाटा होईल, असेही एकदा ऐकायला मिळाले. असली मुले आहेत म्हणूनच तर ती संस्था आहे.

औषधाइतकाच मोठा अडसर भीतीचा आहे. मित्र ओव्हर झाला की बाकीची मुले त्याला रिक्षात घालून रुग्णालयाच्या दारात सोडतात आणि पळून जातात, किंवा तेवढेही करत नाहीत, कारण पोलीस केस होईल. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ साली संरक्षण मिळाले. ओव्हरडोसमध्ये मदत करणाऱ्यासाठी तसे कलम आपल्याकडे नाही, कॅनडाने मात्र २०१७ मध्ये तसा कायदाच केला. तरीही मुलांच्या बाबतीत आपला कायदा लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ मवाळ आहे. बालकाकडून घडलेला गुन्हा अतिगंभीर नसेल आणि प्रौढांसोबत केलेला नसेल, तर आदर्श नियमांप्रमाणे एफआयआर नोंदवायचाच नसतो, फक्त ठाणे दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल होतो. केवळ सेवन हा या हिशोबाने किरकोळ गुन्ह्यातच मोडतो. उलट मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली आणि विक्रीसाठी किंवा ने-आण करण्यासाठी मुलाला वापरणाऱ्याला कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे समुपदेशकाने मुलांना त्यांच्या शब्दांत सांगितले, तर रिक्षातून पळणाऱ्यांपैकी एखादा तरी थांबेल आणि डॉक्टरांना काय घेतले होते ते सांगेल.

कर्मचाऱ्यांना आधार द्यायचा म्हणजे नेमके काय, हे मला एका परिविक्षा अधिकाऱ्याच्या बोलण्यातून समजले. त्यांच्याकडचा एक मुलगा काही आठवडे निरीक्षणगृहात राहून जामिनावर घरी गेला होता. पुढच्या तारखेला मंडळात नावाचा पुकारा झाला तेव्हा त्याची आई एकटी पुढे आली आणि तिने पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून दिला. बालक मयत झाल्याने प्रकरण बंद, अशी नोंद होऊन पुढचे नाव पुकारले गेले. ते अधिकारी मला म्हणाले, की सुटकेच्या वेळच्या अहवालात मी 'वर्तणूक समाधानकारक' असे लिहिले होते आणि ते खरेही होते. मुलगा संस्थेत असताना दगावला असता तर मानवाधिकार आयोगाला चोवीस तासांत कळवावे लागले असते, दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली असती, जबाब झाले असते. सुटकेनंतर आठवड्याने दगावला तर कोणी काहीच विचारत नाही. चौकशी नाही याचा आनंद मानावा, तर ज्याने त्या मुलाच्या घरी दोनदा जाऊन चहा घेतलेला असतो त्याच्याशी कोणी दोन शब्दही बोलत नाही, हेही तितकेच खरे असते. अशा मृत्यूनंतर संबंधितांना एकत्र बसवून, दोष न देता, काय कळायला हवे होते एवढीच चर्चा करायची पद्धत रुग्णालयांत असते. बाल न्याय यंत्रणेत ती आणायला शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही, अधीक्षकांनी मनावर घेतले तरी पुरे. रात्री एकटेपण खायला उठते तेव्हा १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक कर्मचाऱ्यांसाठीही आहे, हे मी मुद्दाम फळ्यावर लिहिते.

सुटकेच्या दिवसाबद्दल माझा आग्रह एवढाच असतो, की आदेश हाती आल्यावर मुलाला आणि त्याच्या आईला अर्धा तास बसवावे. घेऊ नकोस, हे मुलाने हजारदा ऐकलेले असते. पूर्वीइतके आता घेतलेस तर श्वास बंद पडेल, गोळ्या आणि दारू एकत्र करू नकोस, दार लावून एकटा घेऊ नकोस, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. यावर हमखास आक्षेप येतो, की हे म्हणजे नशा कशी करावी ते शिकवणे झाले. मला तो पटत नाही. सुटलेल्या मुलांपैकी काही पुन्हा घेणार हे प्रत्येक समुपदेशकाला ठाऊक असते, आणि पुन्हा घेणारा मुलगा जिवंत राहिला तरच त्याला पुन्हा उपचारापर्यंत आणता येते. आईला घरघर आणि ओठांचा रंग दाखवून समजावावे, १०८ आणि व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन तिच्या मोबाइलमध्ये तिथेच साठवून द्यावी आणि पहिल्या दोन आठवड्यांत दोनतीन फोन करावेत. परिविक्षा अधिकाऱ्यांकडे वेळ नसतो हे मान्य, म्हणून हे फोन समाजकार्याच्या प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांनी केले तरी चालतील.

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन म्हणून शाळा-शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, शपथा होतात. ३१ ऑगस्ट हा ओव्हरडोसविषयी जागृतीचा दिवस २००१ साली मेलबर्नमध्ये सुरू झाला. आपल्याकडे तो गणपतीच्या धामधुमीत कोणाच्या गावीही नसतो. निरीक्षणगृहांनी तो पाळायचा ठरवलाच तर त्या दिवशी मुलांना रांगेत उभे करून शपथ देऊ नये, कर्मचाऱ्यांचा वर्ग घ्यावा. त्याआधी अधीक्षकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना एक पत्र लिहावे आणि त्यात दोन मागण्या कराव्यात : वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने संस्थेच्या औषधपेटीत नॅलॉक्सोन ठेवणे व ते देण्याचे प्रशिक्षण, आणि रात्री बेशुद्ध मुलाला पोलीस बंदोबस्ताची वाट न पाहता थेट अपघात विभागात दाखल करून घेण्याची लेखी हमी. पत्राची प्रत बाल न्याय मंडळाला पाठवावी, म्हणजे उत्तर आले नाही तर ते विचारणारे कोणीतरी असेल.